पीएसए नेमकं काय मोजतो? प्रोस्टेटच्या एका बटणाची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐन लोकलमध्ये ज्यांचे इअरफोन गायब होतात, त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने एक पीडीएफ टाकली. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज, सणाचा डिस्काउंट, घरी येऊन रक्त घेऊन गेले. मामा 63 वर्षांचा. शुगर ठीक, कोलेस्टेरॉल जरा वर, आणि खाली कुठेतरी एक ओळ लाल अक्षरात: पीएसए टोटल 6.8. शेजारी लिहिलेलं, नॉर्मल 0 ते 4. दहा मिनिटांत मामीचा आईला फोन. "ताई, यांना कॅन्सर निघालाय हो."

निघाला नव्हता. पण त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि मी गुगल करत बसलो. त्यातूनच हा भाग जन्माला आला. कारण मला पडलेला प्रश्न अगदी साधा होता: तो 6.8 आकडा नक्की कशाचा आहे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी कुत्रे, उंदीर, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं एक गाव, केस गळतीची गोळी आणि चक्क कोविड इथपर्यंत फिरून आलो.

आधी थोडंसं बेसिक. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. फक्त पुरुषांत असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते, म्हणून ती फुगली की म्हाताऱ्या माणसांना रात्री चारदा उठावं लागतं. तिचं काम म्हणजे वीर्यातला काही द्रव तयार करणं. आता तिच्या पेशी आणि तुमच्या डोळ्याच्या पेशी यांच्यात जनुकं तीच आहेत, साधारण 20 हजार. फरक इतकाच की कुठली जनुकं चालू आहेत आणि कुठली बंद. जनुक चालू होऊन त्याची नक्कल निघणं, त्यातून प्रोटीन बनणं, याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. आजची सगळी गोष्ट प्रोस्टेटमधल्या अशाच एका बटणाची आहे. हे बटण दाबतो पुरुषी हार्मोन.

हे बटण आहे याची कुणकुण जुनी आहे. बैल खच्ची केला की तो मवाळ होतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. 18व्या शतकात लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी अशा जनावरांची चिरफाड करून पाहिलं, तर त्यांची प्रोस्टेट छोटी आणि सुकलेली. म्हणजे वृषणातून काहीतरी येतं आणि त्यावर ही ग्रंथी जगते. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे कळायला पुढे दीडशे वर्षं लागली.

मग येतात शिकागो युनिव्हर्सिटीतले चार्ल्स हगिन्स. 1930च्या दशकात ते कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधून द्रव गोळा करायचे आणि तो किती तयार होतो ते मोजायचे. कुत्राच का? कारण माणसासारखी म्हातारपणी प्रोस्टेटची दुखणी होणारा तो आपल्या ओळखीतला एकमेव पाळीव प्राणी. मधूनच एखाद्या कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघायची आणि प्रयोग बिघडायचा. आधी त्यांना याचा वैताग यायचा. नंतर ते असलेच कुत्रे मुद्दाम शोधायला लागले, कारण वृषण काढले की गाठसुद्धा आकसत होती.

1941 साली हगिन्स आणि क्लॅरन्स हॉजेस यांनी हे माणसांवर करून दाखवलं. हाडांपर्यंत कॅन्सर पसरलेले पेशंट. त्यांचे वृषण काढले किंवा स्त्री-हार्मोन दिलं, तर बऱ्याच जणांची दुखणी थांबली. हे मोजलं कसं? रक्तातल्या अ‍ॅसिड फॉस्फटेज नावाच्या एन्झाइमवरून. निरोगी प्रोस्टेट हे एन्झाइम भरपूर बनवते, आणि हाडात पोचलेल्या कॅन्सरच्या पेशीही ते बनवतच राहतात. इथे एक मिनिट थांबा. कॅन्सरची पेशी आपलं मूळ गाव विसरलेली नाही. हाडात बसूनही ती प्रोस्टेटचीच जनुकं चालू ठेवते आणि त्याच बटणावर जगते. हगिन्सना 1966 मध्ये नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा पाया हाच उपचार आहे, फक्त ऑपरेशनऐवजी बहुतेक वेळा इंजेक्शन असतं. अडचण एकच. काही काळाने कॅन्सर परत येतो. त्याचं कारण कळायला बरीच वर्षं गेली: बटण बंद केलं तरी पेशी ते आतून दाबायला शिकतात.

पण मुळात हे बटण बाळात प्रोस्टेट तयार करतं कसं? यातला एक धागा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात सापडला. तिथल्या काही कुटुंबांत मुलं जन्मताना मुलीसारखी दिसायची, मुलगी म्हणूनच वाढायची, आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायला लागायचं. गावाला याचं फारसं आश्चर्य नव्हतं, त्यांनी ते आपल्या पद्धतीने सामावून घेतलं होतं. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये 'सायन्स'मध्ये कारण मांडलं. या मुलांत टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. पण त्याचं जास्त ताकदीचं रूप, डीएचटी, बनवणारं एन्झाइम कमी पडत होतं. आणि मोठेपणी त्यांची प्रोस्टेट एकदम छोटी राहायची. म्हणजे प्रोस्टेट उभी करायला साधं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही, डीएचटी लागतं.

हे वाचून औषध कंपन्यांचे कान टवकारले. तेच एन्झाइम गोळीने अडवलं तर? त्यातून आलं फिनास्टेराइड. 1992 मध्ये अमेरिकेत वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मंजूर झालं, 1997 मध्ये कमी डोसमध्ये टक्कल पडू नये म्हणून. हो, तीच गोळी. ऐकणाऱ्यांपैकी काही जण ती आत्ता घेत असतील. मग एक लक्षात ठेवा: ही गोळी पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. पुढे कधी टेस्ट केलीत तर डॉक्टरांना हे सांगा, नाहीतर आकडा खोटा दिलासा देईल.

दुसरा धागा सॅन फ्रान्सिस्कोच्या जेराल्ड कुन्हा यांचा, आणि तो मला जास्त आवडतो. 1970 आणि 80च्या दशकांत ते उंदरांच्या गर्भातले इवलेसे तुकडे सुटे करून वेगवेगळ्या जोड्या लावायचे आणि त्या जोड्या दुसऱ्या उंदराच्या किडनीवरच्या पातळ आवरणाखाली ठेवून वाढवायचे. अवयवात दोन थर असतात: नळ्यांचं अस्तर, आणि त्याभोवतीची मऊ, भरावाची ऊती. कुन्हांनी मूत्राशयाचं अस्तर घेतलं आणि ते गर्भातल्या प्रोस्टेटच्या जागेच्या भरावाशेजारी ठेवलं. मूत्राशयाच्या अस्तराने प्रोस्टेट तयार केली! मोठ्या उंदराचं अस्तरसुद्धा शेजार बदलल्यावर धंदा बदलत होतं.

मग खरी गंमत. काही उंदरांत हार्मोनचा संदेश घेणारा अँड्रोजन रिसेप्टरच निकामी असतो. असा बिघडलेला भराव आणि चांगलं अस्तर: प्रोस्टेट होत नाही. चांगला भराव आणि बिघडलेलं अस्तर: होते. म्हणजे हार्मोन आधी शेजाऱ्याशी बोलतं, आणि शेजारी अस्तराला सांगतो, 'हो प्रोस्टेट.' पण या दुसऱ्या जोडीतल्या प्रोस्टेटला आकार असूनही तिचा द्रव, तिची खास प्रोटीन मात्र बनत नाहीत. त्यासाठी अस्तराच्या पेशीला स्वतःचा रिसेप्टर लागतो. माणसाच्या गर्भात हा सगळा प्रकार साधारण दहाव्या आठवड्यात सुरू होतो. त्यात सर्वांत आधी जागं होणाऱ्या जनुकांपैकी एक एनकेएक्स 3.1. आणि प्रोस्टेट कॅन्सरमध्ये सुरुवातीलाच जे जनुक वारंवार हरवतं, तेही हेच.

आता मामाच्या लाल ओळीकडे या. प्रोस्टेटची जी खास प्रोटीन म्हणालो, त्यातलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पीएसए. त्याचं काम वीर्य पातळ करणं. त्याचं जनुक केएलके3, 19व्या गुणसूत्रावर आहे आणि थेट अँड्रोजन रिसेप्टरच्या हुकमावर चालतं. शोध कुणी लावला यावर आजही भांडण आहे. रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी 1970 मध्ये प्रोस्टेटमधल्या खास अँटीजेनबद्दल लिहिलं. 1979 मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग चू यांच्या टीमने ते प्रोटीन शुद्ध करून वेगळं काढलं. पुढे ते रक्तातही सापडलं. 1986 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने टेस्ट मंजूर केली, पण कशासाठी? ज्यांना कॅन्सर झालेलाच आहे त्यांच्यावर लक्ष ठेवायला. कॅन्सर शोधायला मदत म्हणून मंजुरी आली 1994 मध्ये. तोवर 4 हा आकडा रुळून गेला होता.

आणि आता ती गोष्ट जी मला त्या रात्री कुणी सांगितली असती तर आम्ही जेवलो असतो. पीएसए हे कॅन्सरचं प्रोटीन नाही. ते प्रोस्टेटचं प्रोटीन आहे. उलट कॅन्सरची पेशी एकेकटी बघितली तर ती निरोगी पेशीपेक्षा बहुधा कमीच पीएसए बनवते. रक्तात ते वाढतं कारण नळ्यांची बांधणी मोडते आणि जे बाहेर वीर्यात जायचं ते रक्तात गळतं. अशी गळती कॅन्सरने होते, तशी सूज आल्याने होते, इन्फेक्शनने होते, आणि ग्रंथी नुसती वाढली तरी आकडा चढतो. म्हणून पीएसए 4 ते 10 असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली तर साधारण चारांतल्या एकाला कॅन्सर सापडतो. बाकी तिघांनी सुया उगाच सोसल्या. दुसरी बाजूही ऐका. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए 4 किंवा त्याहून कमी असलेल्या 2,950 पुरुषांचीही बायोप्सी केली गेली. त्यांतल्या 15.2 टक्क्यांत कॅन्सर निघाला. म्हणजे 4 च्या रेषेला तसा काहीच पवित्र अर्थ नाही.

सापडला तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कशाने जातो. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेले 1,643 पुरुष होते. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. साधारण 15 वर्षांनी त्यांतले 45 जण प्रोस्टेट कॅन्सरने गेले होते, आणि तिन्ही गटांत हे प्रमाण जवळपास सारखंच होतं. ऑपरेशन झालेल्यांपैकी अनेकांना मात्र लघवीवरचा ताबा सुटणं आणि लैंगिक त्रास हे कायमचे चिकटले. 2010 मध्ये खुद्द अ‍ॅब्लिन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या टेस्टच्या सरसकट वापरावर तोफ डागली. मला त्यांचं सगळं पटत नाही. आपल्याकडे तर बरेच पेशंट हाडं दुखायला लागल्यावरच पहिल्यांदा डॉक्टरकडे जातात, त्यांना कुणीतरी आधी टेस्ट करायला सांगायला हवी होती. पण चिडण्यामागचं त्यांचं कारण खरं होतं: प्रोस्टेट चालू आहे हे सांगणारी टेस्ट लोक कॅन्सरची म्हणून वाचत होते.

मग प्रश्न उलटा विचारायला हवा होता. निरोगी प्रोस्टेटमध्ये बंद, पण कॅन्सरमध्ये चालू, असं एखादं जनुक आहे का? 1999 मध्ये नेदरलँड्सच्या नाइमेखनमधल्या आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी असं एक दाखवलं. एकाच पेशंटचा निरोगी आणि कॅन्सरचा तुकडा शेजारी ठेवून कुठली नक्कल फक्त एकीकडे निघते ते त्यांनी तपासलं. 56 पैकी 53 गाठींत ते जनुक चांगलंच जोरात होतं. आज त्याला पीसीए3 म्हणतात. मजा म्हणजे त्यातून प्रोटीन बनतच नाही, नुसता आरएनए निघतो. म्हणून तो रक्तात नाही, लघवीत मोजायचा. 2012 मध्ये एफडीएने ती टेस्ट मंजूर केली, एकदा बायोप्सी कोरी आलेल्यांची पुन्हा करावी का हे ठरवायला.

पण खरा धक्का त्याआधी, 2005 मध्ये मिशिगनमधून आला. तिथे अरुल चिन्नय्यन यांची लॅब मायक्रोअ‍ॅरेवर काम करत होती. ही एक काचपट्टी, जिच्यावर हजारो जनुकं एकदम मोजता येतात. तोवर सगळे जण काय करायचे? कॅन्सरच्या गाठींची सरासरी, निरोगींची सरासरी, आणि फरक. इथेच घोळ होता. समजा सोसायटीत 50 फ्लॅट आहेत आणि पाच घरांचं लाइट बिल वीसपट आलंय. सरासरी काढलीत तर नुसतं वाटेल की सगळेच जरा जास्त वीज जाळतात. ती पाच घरं दिसणारच नाहीत. चिन्नय्यन यांच्या टीमने, ज्यात तेव्हा विद्यार्थी असलेले स्कॉट टॉमलिन्स होते, सरासरी सोडून अशी टोकाची घरंच शोधणारी पद्धत काढली. यादीत दोन नावं वर आली: ईआरजी आणि ईटीव्ही1. दोन्ही एकाच घराण्यातली. एका गाठीत एक पेटलेलं असेल तर दुसरं थंड. आणि हाडांच्या एका दुर्मीळ कॅन्सरमध्ये हीच जनुकं दुसऱ्या जनुकाला चिकटलेली सापडतात, हे आधीच माहीत होतं.

मग त्यांनी पेशंटच्या आरएनएची सुरुवात वाचली. ईआरजीचं डोकंच गायब. त्या जागी भलत्याच जनुकाचा तुकडा: टीएमपीआरएसएस2. दोन्ही 21व्या गुणसूत्रावर, एकमेकांपासून सुमारे 30 लाख अक्षरं लांब. मधला भाग तुटून पडला की दोन टोकं जुळतात. तपासलेल्या 29 गाठींपैकी 23 मध्ये ईआरजी किंवा ईटीव्ही1ची अशी मोडतोड दिसली. असली चिकटलेली जनुकं म्हणजे मुख्यतः रक्ताच्या कॅन्सरची भानगड, असं तेव्हा डॉक्टर मानत. प्रोस्टेटसारख्या नेहमीच्या, घट्ट गाठीच्या कॅन्सरमध्ये ती इतक्या प्रमाणात असतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

टीएमपीआरएसएस2 हे नाव ओळखीचं वाटतंय? 2020 मध्ये बातम्यांत होतं. कोविडचा विषाणू फुप्फुसाच्या पेशीत शिरताना ज्या एन्झाइमची मदत घेतो, तेच हे. प्रोस्टेटमध्येही ते भरपूर बनतं, आणि तिथे त्याचं जनुक कशाने चालू होतं? अँड्रोजनने. त्यामुळे हार्मोन अडवणारी औषधं कोविडवर चालतील का, याच्या ट्रायलही झाल्या. हाती फारसं काही लागलं नाही.

पण प्रोस्टेटमध्ये याचा अर्थ भयंकर होता. तेच बटण, जे गर्भात दहाव्या आठवड्यापासून ही ग्रंथी घडवत होतं आणि मोठेपणी पीएसए बनवत होतं, त्याच्या वायरला आता ईआरजी जोडलं गेलं. निरोगी अस्तरात जे बंद असतं, ते दर वेळी हार्मोन आलं की पेटतं. हगिन्सच्या कुत्र्यांचं कोडं आणि मिशिगनच्या काचपट्ट्या इथे येऊन भेटतात.

फार टाळ्या वाजवू नका मात्र. युरोपियन वंशाच्या पुरुषांत साधारण निम्म्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ही जोडणी सापडते, पूर्व आशियात बरीच कमी. ती कॅन्सर असल्याचं ठामपणे सांगते, पण तो कॅन्सर जिवावर उठणारा आहे की झोपाळू, हे एकटी सांगू शकत नाही. ईआरजी बंद करणारं औषधही अजून बाजारात नाही. म्हणून आता एका जनुकाऐवजी गठ्ठाच मोजतात. मिशिगनच्याच गटाने 2024 मध्ये 18 जनुकांची लघवीची टेस्ट मांडली, जिचा रोख फक्त धोकादायक कॅन्सर हेरण्यावर आहे. कॅन्सर सापडल्यावर तो किती आक्रमक आहे हे सांगायला गाठीतली 22 जनुकं मोजणारी एक टेस्ट अमेरिकेत वापरात आहे. या सगळ्या महाग आहेत. शिवाय त्यांतल्या बहुतेक मुख्यतः गोऱ्या पुरुषांच्या नमुन्यांवर घडवल्या गेल्यात, आणि ही गोष्ट मला खटकते.

मामाचं काय झालं? युरॉलॉजिस्टने पीडीएफ बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "लघवीला जळजळ होत होती का?" मामा मामीकडे बघायला लागला. होत होती. टेस्टच्या दोन आठवडे आधी इन्फेक्शन झालेलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणून त्याने घेतलेल्या, आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मामीने तिथेच जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दोन महिन्यांनी पीएसए पुन्हा केला: 4.3. एमआरआय झाला, त्यात संशयास्पद असं काही दिसलं नाही. बायोप्सी तूर्तास नाही, सहा महिन्यांनी परत रक्त द्यायचंय. तारीख मामीने भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीय.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या घरातला आकडा मला पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. प्रश्न मात्र जरूर पाठवा. पुढच्या भागात रक्तगटांचा शोध, आणि त्याच्या आधी लोक एकमेकांना बिनधास्त कुणाचंही रक्त चढवायचे तेव्हाची हकीकत. भेटू.